बालविभागात अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांना स्वतंत्र जागा द्या : नाशिकच्या वाचनालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि बालविभागाचे काम पाहणारे सर्व सदस्य,
नाशिक शहर व परिसरातील सार्वजनिक वाचनालये

विषय : चौथी ते आठवीच्या वाचकांसाठी अद्भुतरम्य व विज्ञान कादंबऱ्यांचे स्वतंत्र कपाट

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या बहुतेक वाचनालयांत अद्भुतरम्य आणि विज्ञान कादंबऱ्या आहेत, पण ज्या वयाच्या मुलांना त्या सर्वाधिक आवडतील त्या मुलांना त्या सापडत नाहीत, ही माझी तक्रार आहे आणि या पत्राचा विषयही तेवढाच आहे. नवी इमारत, संगणक कक्ष, वातानुकूलित अभ्यासिका यांपैकी काहीही मी मागत नाही. चौथी ते आठवीच्या, म्हणजे साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी या दोन प्रकारच्या कादंबऱ्यांचे एक वेगळे कपाट, आणि कपाट शक्य नसेल तर निदान दोन कप्पे असावेत. त्यांत काय ठेवायचे, कोणत्या क्रमाने ठेवायचे आणि ते कोणी निवडायचे याचा थोडा विचार व्हावा, इतकेच माझे मागणे आहे.

मी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या मुलांना सोबत घेऊन पुस्तके बदलायला जाणे हा माझा आवडीचा उद्योग झाला आहे आणि त्यानिमित्ताने शहरातल्या निरनिराळ्या वाचनालयांची बालकपाटे मी जवळून पाहिली आहेत. कोणत्याही एका संस्थेकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. चित्र सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांच्या नावे लिहीत आहे.

अशा एका कपाटाचे वर्णन करते, म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. लोखंडी कपाट, काचेची दारे, दाराला कुलूप, वर रंगाने लिहिलेली ‘बालवाङ्मय’ ही पट्टी. वरच्या कप्प्यात पंचतंत्र आणि इसापनीती यांच्या निरनिराळ्या आवृत्त्या, त्यांच्याच अंगाला सोळा-सोळा पानांच्या चित्रकथा, मग थोर पुरुषांची चरित्रे, सुविचारांचे संग्रह, सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे, आणि या सगळ्यांच्या मागे, दुसऱ्या रांगेत, पाठीवरचे नाव पुसट झालेली भा. रा. भागवतांची ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’. शेवटच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर एका काळात लागोपाठ शिक्के उमटलेले होते आणि त्यानंतर बरीच वर्षे एकही नव्हता. पुस्तक कोणी नाकारलेले नव्हते, ते कोणाला दिसलेच नव्हते. त्याच इमारतीत जयंत नारळीकरांच्या कादंबऱ्या ‘विज्ञान’ अशी पाटी असलेल्या मांडणीत, घरगुती वीजदुरुस्ती आणि पक्षीनिरीक्षण यांच्या शेजारी उभ्या होत्या. इंग्रजी कपाटात एका अद्भुत मालिकेचे दुसरे, तिसरे आणि पाचवे पुस्तक होते. पहिले हरवले होते आणि ते परत घ्यावे असे कोणाला वाटले नव्हते. म्हणजे एकाच आवडीची पुस्तके तीन ठिकाणी विखुरलेली आणि त्यांतल्या एका ठिकाणाला कुलूप.

यात कर्मचाऱ्यांचा दोष फारसा नाही. आपली पुस्तके दाखल क्रमांकाने, म्हणजे ती वाचनालयात आली त्या क्रमाने, किंवा ढोबळ विषयवारीने लावली जातात. जेथे विषयानुसार पुस्तकांना क्रमांक देणारी ड्युई यांची दशांश पद्धत वापरली जाते तेथेही मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा एकच क्रमांक मिळतो. त्यात सामाजिक कादंबरीही आली, रहस्यकथाही आली आणि दुसऱ्या ग्रहावरून आलेला पाहुणाही आला. लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव ठाऊक असणाऱ्या प्रौढ वाचकाला या पद्धतीने अडत नाही. दहा वर्षांच्या मुलीला मात्र लेखकाचे नाव ठाऊक नसते. ती टेबलापाशी येऊन विचारते, “काका, याच्यासारखंच अजून एक आहे का?” तालिकेत या प्रश्नाचे उत्तर नाही. काका व्यवस्थित असतील तर कपाट उघडून ‘बघ तूच’ म्हणतात, घाईत असतील तर हाताला येईल ते पुढे करतात. मी पाहिलेल्या एका प्रसंगी समुद्राखालच्या पाणबुडीची गोष्ट परत करणाऱ्या मुलीला जलसंधारणावरची पुस्तिका मिळाली. देणाऱ्याच्या मते विषय पाण्याचाच होता.

या वयाचा वेगळा विचार का करावा, हेही सांगते. दुसरी-तिसरीपर्यंतच्या मुलांना गोष्ट लागते आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. नववी-दहावीनंतर वाचणारा मुलगा प्रौढांच्या कपाटाकडे आपोआप वळतो. मधल्या चार-पाच वर्षांत वाचनाचा वेग वाढलेला असतो, दीडशे-दोनशे पाने एका दमात वाचण्याची ताकद आलेली असते, पण प्रौढ कादंबरीतले संसार, नोकऱ्या आणि प्रेमभंग यांत रस नसतो. बालकथा आता लहान होतात आणि मोठ्यांची पुस्तके मोठी पडतात. इंग्रजी प्रकाशन व्यवसायाने आठ ते बारा या वयासाठी कादंबऱ्यांची वेगळी शाखाच केली आहे आणि तिच्यात अद्भुत व विज्ञान या दोन प्रकारांचा वाटा मोठा आहे. त्याचे कारण उघड आहे. या वयात मुलाला घराबाहेरचे जग किती मोठे आहे याची कल्पना येऊ लागते, पण त्यात एकट्याने फिरण्याची मुभा नसते. चंद्रावर, पाताळात किंवा ड्रॅगनच्या गुहेत जायला आईची परवानगी लागत नाही.

याच्या पुढच्या वयासाठीची, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांपुढच्या वाचकांची अद्भुत कादंबरी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती या कपाटात येऊ नये. मुखपृष्ठावर तसाच किल्ला, तशीच तलवार आणि तसाच चंद्र असतो, पण आत हिंसा आणि प्रेमसंबंध यांचे चित्रण वेगळ्या पातळीवरचे असते. इंग्रजी पुस्तकांच्या प्रदर्शनांतून वजनावर किंवा सवलतीत घेतलेल्या गठ्ठ्यांत या दोन्हींची सरमिसळ हमखास असते. अशा एखाद्या पुस्तकावरून पालकाची तक्रार आली की समिती संपूर्ण प्रकारावरच काट मारते आणि बिचाऱ्या निरुपद्रवी पुस्तकांनाही बाहेरचा रस्ता दिसतो. वर्गवारी वेळेवर केली असती तर ही वेळ आली नसती.

हे सगळे विलायती खूळ आहे असे कोणाला वाटत असेल तर आपल्याच घराकडे पाहावे. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या भागवतांनी मराठीत आणल्या त्या अशा ओघवत्या, खट्याळ बोलीत की ‘चंद्रावर स्वारी’ वाचताना मूळ पुस्तक फ्रेंच आहे याचा मुलांना पत्ताही लागत नाही. त्यांच्या काही शब्दांना आज धूळ लागली आहे हे खरे, पण वाक्यांचा वेग अजून कमी झालेला नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकांनी राक्षस आणि चेटकीण मराठी रंगमंचावर आणून मुलांना हसवत घाबरवले. ‘चांदोबा’तल्या वेताळाने तर कित्येक पिढ्यांना पुढच्या महिन्याची वाट पाहायला लावली. नाशिकपुरते बोलायचे तर, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके पहिल्या चित्रपटानंतर नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’ त्यांनी इथेच केला. कॅमेऱ्याच्या युक्तीने माणूस अदृश्य करून दाखवण्याची हौस या मातीत शंभर वर्षांपूर्वीपासून आहे.

विज्ञानकथेचे नाते तर आणखी अलीकडचे आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती, म्हणजे परीक्षकांवर शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे दडपण येऊ नये. ती कथा पहिली आली आणि पुढे काय झाले ते आपण जाणता. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही, पण एका विज्ञानकथाकाराला अध्यक्षपद देणारे संमेलन नाशिकला झाले याचा आपल्याला सगळ्यांना अभिमान वाटला होता. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा ठिकठिकाणी श्रद्धांजलीच्या सभा झाल्या. त्यांच्या ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीत खोल सापडलेल्या एका पुढारलेल्या संस्कृतीच्या ठेव्याची आणि त्यातून घडलेल्या यंत्रमानवाची गोष्ट आहे, सातवी-आठवीचे मूल ती आनंदाने वाचते. ती वीजदुरुस्तीच्या शेजारून उचलून मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवणे ही श्रद्धांजलीही फारशी खर्चाची नाही.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याकडे विज्ञानकथा आणि अद्भुतकथा भरपूर झाल्या, पण या वयासाठी लिहिलेल्या पूर्ण लांबीच्या नव्या मराठी कादंबऱ्या मोजक्याच आहेत. आपली मासिके आणि दिवाळी अंक यांनी कथेला जागा दिली, कादंबरी मागे राहिली. त्यामुळे या कपाटात अनुवादांना मोठी जागा द्यावी लागेल आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत उपलब्ध आहे. जेथे मूळ इंग्रजी पुस्तक आणि मराठी अनुवाद दोन्ही आपल्याकडे असतील तेथे ते शेजारी-शेजारी ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. इंग्रजी माध्यमातली मुले आपल्याकडे मोठ्या संख्येने सभासद आहेत. एकीकडून सुरू करून दुसरीकडे जाणारी, किंवा अडले की शेजारचे उघडून पाहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि या सवयीने दोन्ही भाषांचे भलेच होते.

आता आक्षेपांकडे येते, कारण ही मागणी मी काही पदाधिकाऱ्यांशी बोलले तेव्हा ते मला ऐकावे लागले आहेत.

पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तेथे मुलांच्या हाती जादूची पुस्तके कशी द्यायची, असे एका सद्गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले. भोंदूबाबा आपली जादू खरी आहे असे सांगून पैसे घेतो. कादंबरी मुखपृष्ठावरच ‘कादंबरी’ असे छापून येते. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो. खोटे आहे हे ठाऊक असूनही आत शिरण्याची गंमतच तो घेत असतो. शिवाय चांगल्या अद्भुत कादंबरीतली जादू ही वाटेल ते करण्याची सवलत नसते. तिला नियम असतात, ती वापरल्याची किंमत मोजावी लागते, आणि लेखकाने स्वतःचा नियम मोडला की मुले त्याला पकडतात. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये वस्तूचे खरे नाव ठाऊक असेल तरच तिच्यावर सत्ता चालते आणि बढाईखोरपणे केलेल्या एका मंत्राचे फळ नायकाला पुस्तकभर पाठलागाच्या रूपाने भोगावे लागते. कार्यकारणभाव शिकवायला याहून कडक शिक्षक मला तरी ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप विज्ञानाचा : विज्ञान कादंबरीतले विज्ञान चुकीचे असते, मग विज्ञानाची माहिती देणारी पुस्तकेच का घेऊ नयेत? घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण ती या पुस्तकांच्या बदल्यात नकोत. व्हर्नने १८६५ मध्ये तीन माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून फ्लोरिडातून चंद्राकडे पाठवले. १९६९ मध्ये तीनच माणसे फ्लोरिडातूनच निघाली आणि त्यांतली दोन चंद्रावर उतरली, एवढे सांगितले की वर्ग कान टवकारतो. मग मी विचारत असे की तोफेतून गेलेल्या त्या तिघांचे खरोखर काय झाले असते? तोफेची नळी नऊशे फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग हवा. नववीच्या गतीच्या तिसऱ्या समीकरणात हे आकडे घातले की त्वरण गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक निघते आणि बाकावरचे कोणीतरी हमखास ओरडते, “बाई, ते तर निघतानाच चेपून मेले!” कादंबरीतल्या चुकीने जे समीकरण त्यांनी हौसेने सोडवले ते स्वाध्यायात मला मागे लागून सोडवून घ्यावे लागत असे.

‘हल्ली मुले वाचतच नाहीत’ या तिसऱ्या आक्षेपावर मी फार बोलणार नाही. कुलूपबंद कपाटातले पुस्तक कोणी वाचत नाही, हे मात्र खरे.

निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. ‘जगप्रसिद्ध साहसकथा’ अशा नावाने येणारे स्वस्त संच घेण्याचा मोह टाळावा. त्यांत चारशे पानांची कादंबरी चाळीस पानांत बसवलेली असते, संक्षेप कोणी केला त्याचे नाव नसते आणि कथानकाचा फक्त सांगाडा उरतो. असे पुस्तक वाचलेले मूल ‘ही गोष्ट मला माहीत आहे’ म्हणून पुढे मूळ कादंबरीकडे वळतच नाही. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर ठळक आहे का ते पाहावे आणि पहिल्या प्रकरणाचे एक पान मोठ्याने वाचून बघावे. जीभ अडखळली तर मुलाचे मनही अडखळणार. अक्षर फार बारीक नसावे. प्रकरणे लहान असली तर बरे, म्हणजे ‘एवढे प्रकरण संपवून झोपते’ असे म्हणता येते. नायक किंवा नायिका वाचकाच्या वयाची असावी हा परदेशी प्रकाशकांचा दंडक मला उपयोगी वाटतो, पण तो सक्तीचा नको. नारळीकरांचे शास्त्रज्ञ पन्नाशीचे असूनही मुलांना चालतात, कारण कोडे त्यांच्यापुढे आणि मुलांपुढे एकाच वेळी उलगडत असते. शेवटी ‘तात्पर्य’ असलेले पुस्तक या कपाटासाठी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ती पुस्तके वरच्या कप्प्यात आधीच पुष्कळ आहेत.

मालिकांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. अद्भुत कादंबरी बहुधा एकटी येत नाही आणि मालिकेचा पहिला भाग नसेल तर बाकीचे भाग असून नसल्यासारखे. तेव्हा पहिला भाग हरवला तर तो आधी भरून काढावा, आणि नवी मालिका घेताना निदान पहिले दोन भाग एकदम घ्यावेत. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी लावावी. हा क्रमांक नेहमी सरळ असतो असेही नाही : सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात पुस्तकांपैकी १९५५ मध्ये सहावे म्हणून आलेले पुस्तक कथाकाळाच्या हिशेबाने नव्या संचांत पहिले केले आहे आणि कोणते आधी वाचावे यावर वाचकांत अजून एकमत नाही. मी मुलांच्या हाती १९५० साली प्रथम आलेले, कपाटातून बर्फाच्या राज्यात जाण्याचे पुस्तकच आधी देते. लेखकाने ज्या क्रमाने आपले जग उघडले त्याच क्रमाने ते पाहण्यात नवल टिकते.

आणि निवड समितीत मुले असावीत. ही सूचना हसण्यावारी नेऊ नये, कारण या प्रकारातली दोन मोठी पुस्तके मुलांच्याच शिफारशीने छापली गेली आहेत. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चे हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी १९३६ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले, त्याने एका शिलिंगच्या मोबदल्यात छोटासा अभिप्राय लिहून दिला आणि पुढच्या वर्षी पुस्तक बाजारात आले. हॅरी पॉटरचे पहिले प्रकरण ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीकडे दिले होते आणि ती पुढची पाने मागत राहिली. १९९७ च्या त्या पहिल्या आवृत्तीच्या पुठ्ठाबांधणीच्या प्रती अवघ्या पाचशे होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा ग्रंथालयांनी घेतल्या होत्या, ही गोष्ट तर आपल्या मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. जाहिरातीच्या आधी तिथे ग्रंथालयाचे कपाट होते.

आपल्याकडे हे असे करता येईल : प्रत्येक वाचनालयाने पाच-सहा बालसभासदांना, ज्यांत मुली निम्म्या असाव्यात आणि मराठी-इंग्रजी दोन्ही माध्यमांतली मुले असावीत, खरेदीआधी नमुना प्रत द्यावी. पहिली वीस पाने वाचून ‘पुढे वाचेन’ किंवा ‘नाही वाचणार’ एवढे लिहायचे आणि का, ते दोन ओळींत. विक्रेते आठवड्यासाठी प्रती पाहायला ठेवतात, हा आपल्या रोजच्या व्यवहारातला भाग आहे. घेतलेल्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला त्या दोन ओळींची चिठ्ठी मुलाच्या पहिल्या नावाने चिकटवावी. ‘सुरुवातीला बोअर आहे पण तिसऱ्या प्रकरणात राक्षस येतो’ या वाक्याइतकी प्रभावी प्रस्तावना कोणताही मान्यवर लिहू शकणार नाही. चिठ्ठीच्या खाली ‘हे आवडले तर ते वाच’ म्हणून आपल्याच कपाटातल्या एका पुस्तकाचे नाव घालावे. त्या दहा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मग पुस्तकातच मिळेल.

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या टप्प्यात खरेदी करूच नये. आहे ते आधी एका जागी आणावे. दाखल नोंदवही हलवण्याची गरज नाही. पाठीवर रंगीत ठिपका, अद्भुताला एक आणि विज्ञानाला दुसरा, आणि नोंदीच्या शेऱ्यात नवी जागा, एवढे पुरते. काही पुस्तकांची चित्रे समोर दिसतील अशी उभी मांडावीत आणि ग्रंथालय उघडे असेपर्यंत या कपाटाला कुलूप नसावे. पुस्तके हरवतील ही भीती मला ठाऊक आहे. काही हरवतील. पण वर्षानुवर्षे न हललेले पुस्तकही एका अर्थाने हरवलेलेच असते, फक्त साठा पडताळणीत ते सापडते.

दुसऱ्या टप्प्यात खरेदी. शासनमान्य ग्रंथयादीचे आणि अनुदानाच्या वर्गाचे बंधन आपल्याला आहे याची मला जाणीव आहे; ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाने ‘अ’ वर्गासारखे करावे असे मी म्हणत नाही. यादीत या प्रकारची जी पुस्तके असतील ती तरी प्राधान्याने निवडावीत आणि बाकीच्यांसाठी देणगीदारांना मोघम आवाहन न करता पुस्तकांची नावे देऊन मागावे. वाढदिवसाला पुस्तक द्या असे म्हटले की घरातले जुने पाठ्यपुस्तक येते. नाव दिले की ते पुस्तकच येते. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत, त्यांतल्या विज्ञान आणि अद्भुत कथांची सूची एखाद्या उत्साही सभासदाने करून भिंतीवर लावली तर तेही वाचन कपाटाला जोडले जाईल.

आपल्या शहराला हे काही अवघड नाही. इथे १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने इथूनच निघून पुस्तकांच्या पेट्या कारागृहापासून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत नेल्या. सातपूर, सिडको किंवा नाशिकरोडच्या ज्या वस्त्यांतून मुलांना मध्यवर्ती वाचनालयापर्यंत येणे जमत नाही तेथे अशाच एका पेटीत केवळ या कादंबऱ्या भरून पाठवता येतील. तीन-चार वाचनालयांनी मिळून एक पेटी केली तर भारही वाटला जाईल. शहरात तारांगणाची वास्तू आहे; तेथे शाळेच्या सहली जातील त्या दिवशी चंद्र-मंगळाच्या कादंबऱ्यांचे एक टेबल मांडून जागेवरच बालसभासद नोंदणी करावी, ही कल्पना मी एका ग्रंथपालांना सांगितली तेव्हा त्यांनी लगेच वर्गणीच्या पावतीपुस्तकाचा विषय काढला. त्यांना ती पटली असे मी धरून चालते.

माझी विनंती अशी की, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर बालविभागाच्या फेरमांडणीचा विषय घ्यावा आणि पहिला टप्पा मे महिन्याच्या सुटीआधी पूर्ण करावा, कारण नवे बालसभासद त्याच दिवसांत येतात. ठिपके लावणे, चिठ्ठ्या लिहिणे, मालिकांचे हरवलेले भाग शोधून यादी करणे ही कामे करायला मी आणि माझ्यासोबत येणारी काही मोठी मुले शनिवारी दुपारी यायला तयार आहोत. ज्या वाचनालयाला मदत हवी असेल त्याने आपल्या सूचनाफलकावर तसे लिहावे. आमच्यातले कोणी ना कोणी पुस्तक बदलायला येतेच, ते निरोप पोहोचवेल. कपाटाची किल्ली मात्र त्या दिवशी कोणाकडे असेल तेही फलकावर लिहायला विसरू नये.

आपली,
एक आजीव सभासद आणि निवृत्त शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक